हाताचं माप

तात्याबा कासाराने शालूबाईच्या उजव्या हाताची बोटं जुळवून दाबली आणि बांगडी सांध्यापर्यंत आणली. तिथं ती अडकली. त्याने तेल लावलं, अंगठा आत दुमडला, पुन्हा रेटली. बारीक आवाज झाला आणि हिरव्या काचेचे दोन तुकडे घोंगड्यावर पडले.

शेजारी बसलेल्या सासूचा, धोंडुबाईचा, हात तोंडावर गेला.

"माझ्या हातनं वाढली, आक्का. ही अपशकुनात धरायची न्हाई," तात्याबा घाईने म्हणाला. "डाव्या हातात डझनभर सरळ गेल्या. ह्यो हात पार गड्याचा झालाय."

"खडी फोडून झालाय," शालूबाई म्हणाली.

तिचा नवरा नाथाजी लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली, त्याला वर्ष झालं होतं. कैदेतून त्याने लिहिलेली पत्रं पोचलीच नाहीत. चार महिने वाट पाहून घरच्यांनी कणकेचा पुतळा करून जाळला आणि शालूबाईचे हात रिकामे केले. पाऊस नव्हता, विहिरीला तळ लागला. ती आटपाडीच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला गेली. त्याआधी सासूला विचारल्याशिवाय तिने गल्लीही ओलांडली नव्हती. आता चौदा बायांच्या टोळीची ती मुकादम होती. चार दिवसांपूर्वी नाथाजी घरी आला. तेव्हापासून ती कामावर गेली नव्हती, आणि आजच्या हजेरीला गेली नाही तर टोळी दुसरीच्या नावावर जाणार होती.

"बाकीच्या बाया काय हात उघडं ठिवून फोडत्यात व्हय?" ती म्हणाली. "चिंधी बांधत्यात बांगड्यांवर."

"आन् तरीबी वाढत्यात की. त्यांचं नवरं मसणातनं आल्यात का?" धोंडुबाईने तुकडे पदरात वेचले. "माझा एकदा गेलावता. आता एक काच जरी गेली तर मी काय करू? हातोडी बंद. उंबऱ्याच्या आत ऱ्हायाचं."

सोप्यात माणसं जमली होती. नाथाजी सांगत होता ते भिंतीआड ऐकू येत होतं.

"खिडकी पार वर. पाय मोकळं करायचं तर पहारेकऱ्याला इचारायचं. त्याच्या मनात आलं तर सोडणार. खोली आठ पावलं."

"आमच्या म्हशीचं दावं त्यापरास लांब हाय की रं," शेजारचा लालासाहेब म्हणाला. माणसं हसली.

"मारायचं का तुमास्नी?" कुणीतरी विचारलं.

"मार सोसतो माणूस. इचारायला लागतं, त्ये लय वाईट."

"नाथा," धोंडुबाईने हाक मारली. "हिकडं ये. हिला काय त्ये सांग."

तो मधल्या दारात आला. आईने झालं ते सांगितलं. तात्याबा मान खाली घालून मोठ्या मापाच्या बांगड्या शोधत राहिला. नाथाजीने आईच्या पदरातल्या तुकड्यांकडे पाहिलं, मग बायकोच्या हाताकडे. शालूबाईने हात मागे घेतला नाही.

"आई म्हनती तसं," तो म्हणाला.

तात्याबाने थोरली बांगडी उचलली. "ही बसंल, पोरी. आण."

"ऱ्हाऊ द्या, काका."

"आन् ह्यो हात?"

"ह्यो असाच."

"एका हातानं सवाशीन आन् एका हातानं रांडाव व्हय गं?" धोंडुबाईचा आवाज चिरकला. "लोक काय म्हनतील?"

"डावा तुमच्या लेकाच्या नावाचा, आत्या. त्यो मी जपीन." तिने कोपऱ्यातली हातोडी घेतली, डाव्या मनगटावर पदराच्या फाटक्या काठाची चिंधी गुंडाळली आणि दातांनी गाठ मारली.

नाथाजी दारात उभा होता. ती समोर येऊन थांबली. तो चौकटीला पाठ लावून सरकला. सोप्यातल्या माणसांनी पाय आखडून वाट दिली आणि ती उन्हात उतरली. तिच्या दोन्ही हातांकडे सगळ्यांनी पाहिलं.

मग लालासाहेबानेच खाकरून विचारलं, "आन् नाथाजी, शेवटाला दार उघडलं तवा? पळतच सुटला असशीला सगळी."

नाथाजी अजून गल्लीकडे पाहत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "दार उघडं व्हतं. बराच येळ कुनी उठलंच न्हाई. मीबी."