बर्फाचे संत

सकाळी सात वाजता ओतकारने सापळ्याच्या झाडाची साल उचकटली. तळहाताएवढा तुकडा. आतून कोरलेला – मधोमध एक उभी वाट, दोन्ही बाजूंना बारीक फाटे – आणि फाट्यांच्या टोकांना छर्‍यांसारखी गोल भोकं. भोकांतून उजेड दिसत होता. किडे उडून गेले होते.

त्याने तुकडा उलटा केला, पुन्हा सुलटा केला... मार्चमध्ये स्प्रूसचं एक धडधाकट झाड पाडून ठेवायचं, साल पोखरणार्‍या किड्यांना त्याच्यात अंडी घालू द्यायची, आणि पिल्लांना पंख फुटायच्या आत साल सोलून जाळायची – हे वडिलांनी शिकवलेलं. कधी सोलायची तेही त्यांनीच. मेमध्ये पान्क्रात्स, सेर्वात्स, बोनिफात्स या बर्फाच्या संतांचे दिवस येतात, थंडी परत फिरते, किडा गारठून बसतो, मग महिनाअखेरपर्यंत घाई नाही. यंदाही संत आले. तिन्ही दिवस ओतकार बाह्या सरसावून, घाम पुसत हिंडला – आणि तरी थंडीची वाट पाहत राहिला. ऊन अंगाला लागत होतं, पण वडिलांचा हिशेब त्याहून फार खोल मुरला होता.

यितका, त्याची मुलगी, कॉफी घेऊन चढ चढून आली. तिने साल पाहिली.

"उडाले?"

"उडाले."

"एप्रिलपासून घसा कोरडा केला मी. पण तुमचे संत!"

"माझे कसले? कॅलेंडरात आहेत."

"मग बोनिफात्सलाच बोलवा आता, करवत घेऊन."

तो हसला, हसण्यानेही दमायला झालं.

"हिनेकचं झाडं पाडायचं यंत्र गुरुवारी मोकळं आहे," ती म्हणाली. "दुपारी फोन करेल. नाही म्हणालात तर थेट सप्टेंबर. तोवर किडा शिरून अख्खा उतार वाळून कोळ होईल, बाबा. आज निदान लाकूड म्हणून तरी जाईल."

"जून गार गेला तर?"

"गेल्या वर्षी गेला? त्याच्या आदल्या वर्षी?"

ती उतरून गेली. समोरच्या टेकडीवर आता फक्त खुंट होते. तिथल्या वार्‍याला अडवायला काही उरलं नव्हतं, तो थेट याच झाडांवर येऊन आदळे. हा किडा ज्याला शिवत नाही त्या बीचच्या झाडाची रोपं इथे दिसली की वडील बुटाने उपटत – कचरा, म्हणत. आपणही उपटली, किती वर्षं... आणि आता कुणाला विचारायचं, कचरा कुठला ते?

तो बुंध्याबुंध्यापाशी वाकू लागला. किडा शिरला की सालीच्या खाचेत तपकिरी भुसा साठतो, दळलेल्या कॉफीसारखा. पहिल्या झाडावर नव्हता. दुसर्‍यावर नव्हता. बरं वाटायला हवं होतं. पण प्रत्येक स्वच्छ बुंध्यापाशी त्याची चिडचिड वाढत गेली, बोटं खाचांत जास्तच खोल जाऊ लागली, आणि मग एकदम, वाकलेलाच असताना, त्याला कळलं – आपण भुसा नसावा म्हणून शोधत नाही आहोत. तो सापडावा म्हणून शोधतो आहोत. एक चिमूट मिळाली असती तरी ठरवायचं काही उरलं नसतं. जिवंत झाड पाडा, असं आपल्या तोंडाने म्हणायला नको...

बाराच्या सुमारास खिशात फोन वाजला. हिनेक. ओतकारने तो उचलला. "बोला, ओतकारकाका, गुरुवार धरू ना?" पलीकडून आवाज आला. तोपर्यंत एकाही बुंध्यावर भुसा मिळाला नव्हता.