दाईच्या मालिकेला पोस्टकार्ड

"हिले दुसरं घर नही का?" मंगलाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "दर गुरवारे त्याच हवेलीमा येस ही भवानी."

भवानी म्हणजे टीव्हीतली दाई. मालिकेचं खरं नाव काहीतरी भारदस्त उर्दू होतं, पण इथं गुजरातेत, पांडेसऱ्यातल्या आमच्या खोल्यांच्या लाईनीत सगळे तिला 'दाई' म्हणायचे. गोष्ट अशी, की एका हवेलीतली सगळी बाळंतपणं गावाबाहेर राहणारी एक म्हातारी दाई करायची. मूल रडलं की तिला मागच्या दारानं काढून देत आणि ती जिथं उभी राहिली असेल ती फरशी गोमूत्रानं धुऊन घेत. एकदा ती अंगात ताप असताना आली, बाळंतपण केलं, आणि मागच्या दाराबाहेरच मेली. तेव्हापासून हवेलीत तिची ओली पावलं उमटू लागली. हवेलीवाल्यांनी घासली, धुतली, शेवटी फरशीच उखडली. तर खालच्या मातीवर पावलं, आणि ती पाळण्याच्या दिशेनं निघालेली.

टीव्ही मंगलाबाईंचा, रंगीत. त्यांचे मालक धुडकूभाऊ मिलमध्ये रंगाईच्या खात्यात, म्हणून मालकांचे हात आणि टीव्ही दोन्ही रंगीत, असं लाईनीतली शोभाबाई म्हणायची. गुरुवारी संध्याकाळी आम्ही धागे कापायच्या साड्या मांडीवर घेऊनच तिथं जमायचो. साडीच्या उलट्या अंगाचे लोंबते धागे कापायला फार डोकं लागत नाही. पडद्यावर किंकाळी आली की कात्र्या थांबायच्या, एवढंच.

अनुसया उंबऱ्याबाहेर बसायची.

ती अकोल्याकडची. नवरा रघुनाथ लूमवर. चार वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा टीव्ही बघायला आली तेव्हा मंगलाबाईंनी मोठ्या मायेनं सांगितलं होतं, आत फार उकडतं गं, तू तिथं वाऱ्याला बस. तेव्हापासून ती वाऱ्याला बसते. डिसेंबरातसुद्धा. तिच्या खोलीतल्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो कोणाचा आहे हे आम्ही सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहून घेतलं होतं, आणि त्याबद्दल लाईनीत कोणी एक अक्षर काढलं नव्हतं. आम्ही फार सभ्य माणसं. मी तर एकदा तिला बसायला स्वतःहून गोणपाट नेऊन दिलं. बाहेर.

पण लाईनीतली पत्रं सगळी अनुसयाच्या हातची. सातवी पास, हिंदीसकट. आमची मुलं गुजराती शाळेत. त्यांनी मराठी लिहिलं की अक्षरांच्या डोक्यावर रेघच नसायची, गावाकडचे लोक पत्र उलटंसुलटं करून बघायचे. मला वाचता येतं, तेही किराणाच्या पुड्यांवर अक्षरं जोडत जोडत शिकलेलं. त्यामुळे माझ्या भावाला, मंगलाबाईंच्या विहिणीला, कोणालाही काही कळवायचं तर अनुसया. आम्ही आतून सांगायचो, ती बाहेर गुडघ्यावर पाटी ठेवून लिहायची आणि कागद उंबऱ्यावर ठेवायची. कागद चालायचा.

मालिकेवरून आमच्यात दोन तट होते. शोभाबाई उघड दाईच्या बाजूची. ती मोठ्या रस्त्यापलीकडच्या फ्लॅटमध्ये भांडी घासायची, आणि तिथली शेठाणी तिला गॅलरीत ठेवलेल्या कानतुटक्या कपातून चहा द्यायची. हवेलीतली सासू किंचाळली की शोभाबाई कात्री उगारून म्हणायची, घे, धू अजून फरशी. मग आम्हीही हसायचो. आम्हाला 'घाटी' म्हणणारे, बसमध्ये आमच्या शेजारून उठून जाणारे, सगळे आम्हाला आठवायचे. तेवढ्यापुरती दाई आमचीच असायची.

मंगलाबाईंना मात्र ती मालिका नको झाली होती. त्यांची सून वर्षा सातव्या महिन्यात. त्या गुरुवारी पावलं थेट पाळण्यापाशी आली आणि वर्षाने ताट तसंच सरकवलं. अंधारात मोरीकडे जायलाही तिला कोणीतरी सोबत लागायला लागलं. टीव्ही बंद ठेवावा तर शेजारच्या खोलीतून आवाज यायचाच. मंगलाबाईंना कोणीतरी सांगितलं होतं की रविवारी टीव्हीवर लोकांची पत्रं वाचतात, आणि पुष्कळ पत्रं गेली तर मालिका बंदही करतात. झालं. शुक्रवारी दुपारी त्या पोस्टकार्ड घेऊन आल्या, आम्हाला हाका मारल्या आणि कार्ड उंबऱ्यावर ठेवलं. अनुसयाने ते उचललं.

मंगलाबाई अहिराणीत सांगत होत्या आणि अनुसया हिंदीत उतरवत होती. घरात पोटुशी सून आहे. ती जेवत नाही. झोपत नाही. इथवर ठीक चाललं होतं. शोभाबाई मध्येच म्हणाली, बंद कशाला करायला लावता, अजून त्या सासूच्या छातीवर पाऊल पडायचंय. मंगलाबाईंनी तिला गप्प केलं. म्हणाल्या, भूत दाखवा, भुताचं काही नाही, पण हे शिवाशिवीचं खोटं कशाला? असं आता कुठं राहिलंय?

"आमच्या शेठाणीकडे या," शोभाबाई म्हणाली. "कपासकट दाखवते."

मंगलाबाई म्हणाल्या, ती शेठाणी, तिचं सोड. आपल्यात असलं काही नाही. त्यावर बाहेर अनुसया हसली. मोठ्यानं नाही, नाकातून. चार वर्षांत तिला मी तसं हसताना ऐकलं नव्हतं. मंगलाबाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या रंगात आल्या होत्या.

"लिख वं अनुसया. आमनी लाईनमा सम्द्या जातीना लोके शेतस. सम्द्या बहिनीसारख्या एकच घरमा बठतस. खोटं वाटस त्ये येईसन देखी जा. आन् खाले सम्द्यास्ना नाव लिख. तुन्हं बी."

पेन थांबलं.

मी साडीवरून मान वर केली. मंगलाबाई वाट बघत होत्या. लाईनीतलं चांगलं अक्षर म्हणजे अनुसया, ही सवय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ज्या बाईला आपण बाहेर बसवतो तिलाच आपण कोणाला बाहेर बसवत नाही असं लिहायला सांगतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. शपथेवर सांगते, त्यात कावा नव्हता. कावा असता तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मला तेव्हा लख्ख दिसली. अनुसयाने त्या कार्डावर काहीही लिहिलं असतं तरी आमच्यातल्या एकीलाही कळलं नसतं. वर्षाचं हिंदी सिनेमातलं, ऐकण्यापुरतं. मी अक्षरं जोडून बसेपर्यंत कार्ड पेटीत पडलं असतं. ती लिहू शकत होती की हे सगळं खोटं आहे, आणि आम्ही खाली मुकाट्यानं नावं घालू दिली असती. आणि खरं सांगू? मला वाटलं, तिनं तसंच करावं. कार्ड जाईल, तिकडं मुंबईला टीव्हीवाल्यांना काय कळायचं ते कळेल आणि इथं काही हलणार नाही. कारण ती बोलली तर तिचा गुरुवार जाणार होता. नुसता गुरुवारही नाही. पाण्याचा नळ मंगलाबाईंच्या दारासमोर. ती शिवणाच्या क्लासला गेली की तिची लहान मुलगी कविता आमच्याच नजरेखाली खेळायची. लाईनीत एकीनं तोंड फिरवलं की बाकीच्या कशा फिरवतात, ते मला माहीत होतं. मीही फिरवलं असतं.

"काय व्हयनं? शाई सरनी का?" मंगलाबाईंनी विचारलं.

मीच म्हणाले, लिही गं, दोन ओळींचं तर काम आहे. हे म्हणताना मी तिच्याकडे न बघता साडीकडे बघत होते, हेही नोंदवून ठेवते.

तिनं पेनाला टोपण लावलं. पाटी बाजूला ठेवली. उठली, आणि कार्ड उंबऱ्यावर न ठेवता हात लांब करून सरळ मंगलाबाईंच्या पुढ्यात धरलं. मंगलाबाईंचा हात सवयीनं खाली, उंबऱ्याकडे गेला. तिथं काही नव्हतं. तो हात तसाच अधांतरी राहिला, वरही येईना.

अनुसयाने वाट पाहिली. तिनं हात मागे घेतला नाही. शोभाबाईची कात्री थांबली होती. वर्षा भिंतीला टेकून एकदा सासूकडे, एकदा कार्डाकडे बघत होती. टीव्ही बंद होता आणि आमच्यापैकी कोणालाही बघायला दुसरी जागा उरली नव्हती.

"मंगलाबाई," अनुसया म्हणाली, "आतमधी उकडते म्हणून तुमी मले चार वर्सं भायेर नाही बसवलं. मी महाराची आहो, म्हणून बसवलं. आता सांगा, कार्डावर काय लिहू."