पायाशी चिखल, तरी मी तहानलेलं

मी एक जुनं लिंबूचं झाड आहो. बोरी अरबजवळच्या तांड्यात, रुपीबाईच्या अंगणात उभं आहो. रुपीबाई सांगते, मी तिच्या लग्नाच्या आधीचं आहो. मी सांगतो, तिचं लग्न मीच जुळवलं. तिचा बाप सोयरीक पाहाले आला, त्याले माझ्या लिंबूचं सरबत पाजलं, अन् दोन पेल्यांत गोष्ट पक्की झाली!

मित्रांनो, माझ्या भर उमेदीत एका साली मले इतके लिंबू लागले, की दारव्ह्याच्या जीपमध्ये लिंबू आत बसले अन् माणसं टपावर बसले. खोटं वाटते? वाटू द्या. पण आता सांगतो ते मात्र सोळा आणे खरं आहे, कारण त्यात मी मरता मरता वाचलो.

रुपीबाईच्या घरी मिठाले मोठा मान. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव न्यायचे. म्हणून तिच्या घरचा नेम असा, की मिठाचं पाणी नालीत सांडायचं नाई. त्याच्यावर कोणाचा पाय पडू द्यायचा नाई. मग टाकायचं कुठं? तर माझ्या मुळाशी. तिथं कोण पाय देते? माझे काटे काय शोभेचे आहेत?

वर्षाले तांब्या-दोन तांबे खार यायचा. तेवढं मी पचवत होतो. पण यंदा रुपीबाईनं सात घरचं आंब्याचं लोणचं घालाले घेतलं. फोडी कापायच्या, मीठ-हळद चोळून ठेवायच्या, अन् सकाळी सुटलेलं पाणी बादलीनं माझ्या पायाशी! चार दिवस हे चाललं.

पाचव्या दिवशी माझे पानं लोंबले. रुपीबाईची सून रंजिता बारावीपर्यंत सायन्स शिकलेली. आमच्या तांड्यात आईले याडी म्हणतात, तसंच सासूले म्हणत तिनं विचारलं, "याडी, झाडाले पाणी नाई देल्लं का?"

"पाह्य न, चिखल आहे त्याच्या पायाशी! आता काय चमच्यानं भरवू?"

तेवढ्यात रुपीबाईचा नवरा डोंगरसिंग आला. त्यानं माझी फांदी हलवली, दहा पानं गळले. "मुळं सडले याचे. ऐतवारी दारव्ह्याहून टीन आणतो. याले तोडतो, इथं टिनाचं छप्पर घालतो अन् गाडी ठेवतो."

"पहिले मले तोडा!" रुपीबाई आडवी आली.

"तुले तोडाले एक कुऱ्हाड नाई पुरणार," असं म्हणून तो हसत निघून गेला. हसला खरा, पण कुऱ्हाड घासून ठेवली. ऐतवारले चार दिवस होते.

रुपीबाई डोळे पुसत लोणच्याकडं गेली. सवयीनं बादली उचलली अन् माझ्याकडं आली. रंजितानं तिचा हात धरला.

"थांबा याडी. यात काय आहे?"

"काय राहीन? मीठ. आंब्याचं सुटलेलं पाणी."

"तुम्ही फोडींत पाणी टाकलं होतं का?"

"येडी झाली का? लोणच्यात कोणी पाणी टाकते? मिठानं ओढलं फोडीतलं."

"मग तेच मीठ झाडातलं पाणी काहून सोडन?"

रुपीबाईनं बादली खाली ठेवली. ती खाली वाकली, माझ्या मुळाची माती चिमूटभर जिभेवर ठेवली अन् थू थू करत उठली. "माय वो! हे तर लोणच्याहून खारट!"

मित्रांनो, माझ्या पोटातली गोष्ट सांगतो. माझं मूळ म्हणजे बारक्या बारक्या पेशी, जशा पाण्यानं भरलेल्या पिशव्या. या पिशवीचं कातडं मोठं हुशार. पाण्याले ये-जा करू देते, मिठाले मात्र दारातच अडवते. अन् पाण्याचा स्वभाव असा, की जिकडं विरघळलेला माल जास्त, तिकडं ते जाते. माझ्या पेशींत साखर, क्षार असतात, जमिनीतलं पाणी फिकं असते. म्हणून ते आत येते, पेशी टम्म फुगतात अन् पानं ताठ राह्यतात. पण बाहेर खारच खार झाला, तर उलटं! माझं पाणी बाहेर निघालं, पेशी किसमिससारख्या सुकल्या. चिखलात उभं राहून मी तहानलेलं!

मग सासू-सुना कामाले लागल्या. वरची चार बोटं माती खरवडून दूर टाकली. उताराकडं नाली काढली अन् वीस, तीस, चाळीस बादल्या साधं पाणी सोडलं. खार धुऊन वाहून गेला पाहिजे, नुसतं भिजवून चालत नाई. रुपीबाई सकाळ-संध्याकाळ माती चाखे. शनिवारी ती ओरडली, "रंजिता, आळणी झाली वो माती!"

ऐतवारी डोंगरसिंग टीन घेऊन आला, कुऱ्हाड घेऊन माझ्याजवळ आला. अर्धे पानं गळले होते, पण राह्यलेले ताठ उभे होते.

"हे कसं काय?" त्यानं विचारलं.

"चूक माझी होती," रुपीबाई म्हणाली. "मीच याले खार पाजला."

डोंगरसिंगनं कुऱ्हाड खाली ठेवली. झाड वाचल्याचं त्याले नवल नव्हतं. बायकोनं चूक कबूल केली, याचं होतं! टीन कोंबड्यांच्या खुराड्यावर बसलं. आता खारात रुपीबाई हिरव्या मिरच्या मुरवते.

मित्रांनो, झाडानं मान टाकली की लगेच पाणी ओतू नका, अन् कुऱ्हाडही आणू नका. त्याच्या मुळाशी काय काय टाकलं, ते पहिले आठवा. खार असो का खत, मायेनं ओंजळभर जास्त टाकलेलंही आम्हाले पिळून काढते.

मले आता कवळी पालवी फुटली आहे. रुपीबाई शेजारणींले सांगते, "आमचं झाड बोलते." शेजारणी हसतात. हसू द्या. इतका वेळ कोण बोलत होतं मग?