निरंक

तिने खुर्ची पुढे ओढली आणि नाकेदाराच्या टेबलावर त्याचेच छत्तीस मासिक तक्ते पसरले. प्रत्येकावर टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता: निरंक. म्हणजे शून्य.

संघातल्या नऊ सदस्य देशांचे व्यवहार एकमेकांत किती मिसळले, याची विभागवार तुलना करणं हे तिचं काम. त्यात हा नदीकाठ पार तळाला होता. तळाच्या विभागांतले पूल बंद करायचे, असं वर ठरलं होतं. कागद तिच्या सहीसाठी आला, पण तिला राहवेना. एवढा मोठा पूल आणि शून्य? म्हणून ती स्वतःच बघायला आली होती.

खिडकीबाहेर पुलावरून हातगाड्या, सायकली, गाठोडी घेतलेल्या बायका येतच होत्या.

"हे मग काय आहे?"

"माल," नाकेदार म्हणाला.

"तो तक्त्यात का नाही?"

त्याने चष्मा पुसला आणि रकान्याचं नाव मोठ्याने वाचलं. "'परदेशातून आलेला माल.' बाई, परदेशातून इथे काहीच येत नाही. हे तर पलीकडून येतं."

"पलीकडे दुसरा देश आहे, काका."

"असेल. माझी बायको तिकडचीच. तिच्या माहेराला परदेश म्हटलं तर मला जेवायला कोण वाढेल?"

तिला हसू फुटलं. इतका मिसळलेला विभाग ती पाच वर्षं नकाशांत शोधत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा! मग तिला सहीचा कागद आठवला.

"आकडा नसेल तर पूल जाईल, काका. लिहावंच लागेल. काय आलं, कुठल्या देशातून."

त्याने तक्ते गोळा करून बाजूला ठेवले. मग कोरी वही काढली, रेघा आखल्या, टोपी घातली आणि दारात जाऊन उभा राहिला.

त्याचा मेव्हणा सुतार होता. हातगाडीवर खिडकीची नवी चौकट घालून तो पुलाच्या उतारावरून येतच होता.

"भावोजी, ताईला सांगा, तिची खिडकी आली!"

"थांबा." नाकेदाराने घसा खाकरला. "कुठून आलात?"

मेव्हणा खो खो हसला. भावोजी हसले नाहीत. मग त्याला वही दिसली, दारामागची पाहुणी बाई दिसली, आणि त्याने गाडी हळूच खाली टेकवली.

"तिकडून," तो म्हणाला. "तिकडून आलो, साहेब."