बारीक होत गेलेली प्यादी

“अहो, बास करा आता! प्याद्याची काडी कराल!”

ह्यांनी दाद दिली नाही. लेथवर प्यादं गरगरत होतं आणि हे त्यावर पॉलिश पेपर दाबून बसले होते. शेवटी मीच बटण बंद केलं.

“अजून खरखरतंय,” हे म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“दादा.”

दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना जाऊन वर्ष होत आलंय. आमच्याकडे बुद्धिबळाच्या सोंगट्या बनतात. ह्यांनी लाकूड कातायचं आणि भाऊजींनी ते गुळगुळीत करायचं, अशी जन्मभराची वाटणी. आधी जाड कागद, मग बारीक, मग चिंधीने लाखेचं पॉलिश आणि वर मेण. भाऊजींची बोटं घट्ट्यांनी बधिर झाली होती, म्हणून ते प्रत्येक सोंगटी डोळे मिटून गालावर फिरवायचे. मनासारखी असली तर चकार शब्द न काढता खोक्यात टाकायचे. नसली की मग तोंड सुटायचं. “मानेशी खरखरतंय रे! हात आहेत की खुरपी?” धाकट्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय त्या माणसाला चैन पडत नसे. हेही खाली मान घालून ऐकायचे आणि गालात हसायचे.

आता पॉलिशही हेच करतात. गालाला लावतात, मान कलती करून भाऊजींच्या रिकाम्या स्टुलाकडे कान देतात आणि परत घासायला घेतात. त्या स्टुलावर कुणी बसत नाही. खरं सांगते, मीसुद्धा त्याला वळसा घालून जायला लागले होते. एकदा तर “जरा सरका भाऊजी” असं तोंडून निघून गेलं आणि अंगावर सर्रकन काटा आला.

मग खेळण्यांच्या दुकानदाराने सोंगट्यांचा सगळा डाव परत आणला. टेबलावर प्यादी ओळीने मांडली.

“वहिनी, ही पलटण आहे की शाळेची रांग? एक धष्टपुष्ट, एक मरतुकडं, आणि ह्याचं डोकं तर वाटाण्याएवढं! काय चाललंय काय?”

मी काय सांगणार, कपाळ? त्याच्या डावाचं मला काही नव्हतं. मला भीती वाटत होती ती ह्यांची. जेवताना बोलत नव्हते, माझ्याशी तर नाहीच. दिरापाठोपाठ माझा नवराही त्या स्टुलाकडे चालला होता आणि मी नुसती बघत होते.

दुकानदार गेला तशी मी पदर खोचला आणि सरळ जाऊन स्टुलावर बसले.

“अगं, तिथे...” हे कळवळलेच.

“तुम्ही नवी प्यादी काता. पॉलिश मी करते. इतकी वर्षं बघतेय, आंधळी नव्हते मी.”

ह्यांनी एक प्यादं कातलं. ते भाऊजींच्या लेथवर मला चढवून दिलं. मी कागद धरला, लाख दिली, मेण चोळलं, लाकडाच्याच सालपटांची मूठ दाबून चकाकी आणली. वेळेवर थांबलेही. माझंच मला कौतुक वाटलं. प्यादं ह्यांच्या हातात ठेवलं.

ह्यांनी डोळे मिटून ते गालावर फिरवलं. मान कलती केली. मी श्वास रोखून बघत होते.

“काय म्हणतात भाऊजी?” मी विचारलं.

“काही नाही.” ह्यांचा आवाज फुटला. “काहीच म्हणत नाही गं.”

आणि हे रडायला लागले. भाऊजी गेले त्या दिवसापासून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं या माणसाने. आता लहान पोरासारखे हुंदके देत होते, प्यादं मुठीत गच्च धरून. मला हेच तर हवं होतं ना? मग भाऊजींना मीच गप्प केल्यासारखं का वाटलं?

थोड्या वेळाने ह्यांनी तोंड धुतलं आणि पुढचं प्यादं मला दिलं. मी ते चढवलं. बारीक कागद डोक्यावरून फिरवला, पायथ्यावरून फिरवला.

प्याद्याची मान तेवढी खरखरीतच सोडली, आणि प्यादं ह्यांच्या हातात दिलं.