केरबाचा फर्मा

उचगावात केरबा नावाचे बरेच आहेत, पण 'बूटवाला केरबा' म्हटलं की कुणीही बोट दाखवून घर सांगतं. माणूस काही बुटांचा दुकानदार नव्हे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, लोखंड वितळवायच्या भट्टीवर त्याचे केस पिकले. अंगातला शर्ट कुठलाही चालेल, पण पायातला बूट कातडीचाच हवा आणि तोही जवाहरनगरच्या नृसिंहनं मापावर शिवलेला, हा त्याचा हट्ट. तळ झिजला की नवा तळ, टाच गेली की नवी टाच. वरचं कातडं मात्र तेच, वापरून वापरून चिंचोक्यासारखं तुकतुकीत झालेलं.

रविवारी मटण आणायला उशीर झाला तरी केरबाला चालायचा, पण बुटांची सेवा चुकायची नाही. सोप्यात पोतं अंथरून तो मांडी घालून बसायचा. आधी कोरड्या ब्रशनं शिवणीतली वाळू काढायची, कारण शिवणीत बसलेली वाळू म्हणजे करवत. मग घट्ट पिळलेलं फडकं, मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवण. उन्हात ठेवायचं नाव काढलं तर अंगावर यायचा. शेवटी बोटाच्या टोकावर येईल एवढंच मेण, तेही चोळून चोळून जिरवायचं.

"नव्या कोल्हापुरीला तेल पाजावं पोटभर," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "पर भट्टीच्या बुटाला तेल पाजलं म्हंजे ठिणगीला आवतण दिलं!"

"एवढी मालिश माझ्या गुडघ्याची केली असती, तर मी जोतिबाचा डोंगर पळत चढलो असतो की," धोंडुबाई आतून म्हणायची. इकडच्या बायका 'चढले' म्हणत बसत नाहीत, सरळ 'चढलो' म्हणतात, आणि धोंडुबाई तर गुडघे दुखत असतानाही भांडणात कधी मागे हटलेली नव्हती.

या दोघांची एकुलती एक लेक क्रांती. तिनं धातुशास्त्राचा डिप्लोमा केला, बापाच्याच फौंड्रीत नोकरी पटकावली. पहिलं वर्ष लॅबमध्ये गेलं. केरबा खूश होता. लॅबला काचा होत्या, पंखा होता, आणि भट्टी तिथून लांब होती.

एका संध्याकाळी जेवताना क्रांती सहज बोलावं तसं बोलली, "आबा, साहेबांनी इचारलं भट्टीवर सुपरवायझर म्हणून येतीस का. मी व्हय म्हटलो."

केरबानं हातातला घास परत ताटात ठेवला. 'न्हाय' म्हणायची सोय नव्हती. पोरगी पास झाली तेव्हा यानंच गावभर पेढे वाटत, "आमची क्रांती गड्याला भारी हाय," असं छाती काढून सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडानं अडवणार? पण हटला असता तर तो केरबा कसला. पाण्याचा तांब्या रिकामा करून त्यानं डाव टाकला.

"जा की. पर भट्टीवर जायाचं तर बूट पायजे. कंपनीचा बूट तुझ्या पायात ढगळ हुतोय. तुझ्या मापाचा आन् मला पसंत पडलेला बूट मिळाला, की जा. तवर लॅब बरी."

"नृसिंहकाका शिवतील की!"

"त्यानं बूट शिवायचं सोडलं कवाच. निस्त्या चपला करतोय आता."

ही शुद्ध थाप होती. पण बाप इतका गंभीर चेहरा करून बोलला, की क्रांतीनं मान डोलवली.

मग लक्ष्मीपुरीतल्या दुकानांची पाळी आली. केरबा लेकीला न्यायचा तो संध्याकाळीच. "दिवसभर राबल्यावर पाय फुगतोय. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतोय," हे त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. जाड मोजे घरनं न्यायचे, दोन्ही पायांत बूट घालून दुकानभर चालायचं, पुढं अंगठ्याला मोकळीक आहे का बघायचं, टाच उचलते का बघायचं. एवढ्यापर्यंत सगळं बरोबर. पुढं मात्र केरबाची जीभ सुटायची.

"पावणं, ह्याला नाडी कशाला? आत लोखंडाचा तापलेला रस गेला तर नाडी सोडत बसायचं व्हय? पाय झटकला की बूट निघाला पायजे!"

"पावणं, पुढं शिवण हाय. रस शिवणीवरच बसतोय."

"ही जाळी कशाला ठेवलीया? पायाला वारं लागाय?"

दुकानदार घाम पुसायचे. त्यांना वाटायचं, काय जाणकार गिऱ्हाईक आहे. क्रांतीलाही आधी तसंच वाटलं. शेवटच्या दुकानात मात्र एक बूट असा निघाला, की तिच्या पायात मऊ बसला. नाडी नव्हती, पुढं शिवण नव्हती, बोटांवर लोखंडी टोपी होती, टाच हलत नव्हती. केरबानं बूट वाकवला, अंगठ्यानं दाबला, तळ ठोकून बघितला. खोट काही सापडेना. बिचाऱ्यानं शेवटी बुटात नाक घातलं.

"वास परका हाय," तो म्हणाला.

दुकानदार खो खो हसला. क्रांती हसली नाही. तिनं बापाकडं नीट बघितलं, बूट काढून ठेवला आणि सरळ जाऊन गाडीवर मागं बसली. घरी येईपर्यंत केरबाला कुणीतरी मानेवर बर्फ ठेवल्यासारखं वाटत होतं.

रविवारी दुपारी डुलकी काढून केरबा उठला, तर सावलीत वाळत ठेवलेले बूट गायब. त्यानं घर डोक्यावर घेतलं.

"ओरडू नकासा," धोंडुबाई म्हणाली, "क्रांती घेऊन गेलीया. जवाहरनगरला."

जवाहरनगर ऐकलं आणि केरबाचा चेहरा पडला. थाप उघडी पडायची वेळ आली होती. पायात हाताला लागेल ते घालून त्यानं गाडीला किक मारली. बायपासला आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की पायात धोंडुबाईच्या गुलाबी स्लिपरा आहेत. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

नृसिंहच्या दुकानात क्रांती कागदावर पाऊल ठेवून उभी होती आणि नृसिंह पेन्सिलीनं कड मारत होता. नृसिंहचं बोलणं म्हणजे अर्ध्या गल्लीला निरोप.

"ये केरबा! मी बूट शिवायचं सोडलं म्हणून सांगत हिंडतोस व्हय रं? माझी तेरवीबी घालून टाक की मग! आन् ह्या कुणाच्या स्लिपरा मारून आलास?"

शेजारची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. केरबा खाली बसला आणि पाय स्टुलाखाली लपवायचा प्रयत्न करू लागला.

नृसिंहनं टेप फिरवली. पंजा मोजला, टाच मोजली, पायाची उंची मोजली. मग थांबला. परत मोजलं. उठून फळीवरचे लाकडी फर्मे धुंडाळले. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्याच्यावर कातडं ताणून बूट बेतायचा. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फर्मा नृसिंह जपून ठेवायचा. एका फर्म्यावर खडूनं मोठा 'के' लिहिला होता. त्यानं त्याला टेप लावली आणि मांडीवर थाप मारली.

"आयला! केरबा, तुझाच फर्मा बसतोय की पोरीला! पुढं रुंद, टाचंला बारीक. नवा कशाला करायचा?"

"परत माप," केरबा म्हणाला.

"मी दोनदा मापलंय."

"तरी माप."

नृसिंहनं तिसऱ्यांदा मापलं. माप तेच आलं. केरबाचा पाय गड्याच्या मानानं आखूड. तयार बूट त्याला कधी मिळालाच नाही, म्हणून तर नृसिंहकडं येणं सुरू झालं. आणि क्रांतीच्या लहानपणापासून धोंडुबाईची तक्रार, की पोरीच्या पायाला बायकांच्या दुकानात पायताण मिळत नाही. दोन तक्रारी एकाच घरात इतकी वर्षं नांदल्या, पण त्यांची गाठ घालून द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"बापाचं पायताण लेकाच्या पायात बसलं, की लेकाला दोस्त मानावं म्हणत्यात," नृसिंह सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला. "लेकीच्या पायात बसलं तर काय करायचं, सांग की!"

 केरबाची नजर क्रांतीच्या हातातल्या त्याच्या जुन्या बुटाकडं होती. डाव्या बुटावर, बोटांच्या जरा वर, काळा कडक ठिपका होता. क्रांती त्यावरून अंगठा फिरवत होती.

"आबा, हे गाडीचा सायलेन्सर लागून झालं म्हणून सांगितलंतं तुम्ही."

"व्हय."

"सायलेन्सरनं असा ठिपका पडत न्हाय. रस उडालाय हितं. मी शिकलो काय मग एवढी वर्षं?"

आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं. केरबाचा आवाज एकदम बारीक झाला. "रस न्यायची लॅडल हिसकली. एवढुसाच थेंब. बूट हुता म्हणून पाय राह्यला. तुझ्या आईला सांगितलं असतं, तर तिनं मला भट्टीकडं फिरकू दिलं नसतं." त्यानं मान खाली घातली. "माझं काय, मी भ्यालो आन् परत गेलो. पर तुझ्या पायावर तसला थेंब पडंल म्हटलं की मला घास जात न्हाय, पोरी. एकच तर हाईस तू."

क्रांतीचे डोळे भरून आले. पण ती केरबाचीच लेक. बूट त्याच्यासमोर धरून ती म्हणाली, "तुम्ही परत गेलासा की न्हाय? बूटबी टिकला की न्हाय? मग मला तसलाच शिवून द्या. आन् तसंच परत जायाला शिकवा."

 मग केरबा उठला, गुलाबी स्लिपरांची लाज सोडून सरळ आत गेला आणि कातड्यांच्या गुंडाळ्या ओढायला लागला.

"पोटाचं कातडं नको, ते ढिलं पडतंय," तो नृसिंहवर खेकसला. "पाठीचं काढ. दाबल्यावर सुरकुती पडली पायजे आन् सोडल्यावर गेली पायजे. हे नको. हेबी नको. चांगलं कुणासाठी लपवून ठेवलंयस?"

"जावयासाठी!" नृसिंह म्हणाला आणि आतला खास तुकडा काढून दिला.

"करकर घालू का?" त्यानं मग क्रांतीला विचारलं. कोल्हापुरी चपलेला करकर नसेल तर घालणाऱ्याला चालल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे बुटालाही ती हवी असं त्याचं प्रामाणिक मत.

"भट्टीच्या आवाजात कुणाला ऐकू येणार हाय?" केरबा ओरडला. बापलेक दोघंही हसत सुटले, आणि बाहेरची गिऱ्हाइकंही.

बूट आले आणि घरात सण आल्यासारखं झालं. केरबानं लेकीला सक्त ताकीद दिली, की नवा बूट पहिल्या दिवशीच भट्टीवर न्यायचा नाही, आधी घरात थोडा थोडा घालून पायाला ओळखीचा करायचा. म्हणून क्रांती बूट घालून भाकरी थापायची, बूट घालून टीव्ही बघायची. धोंडुबाई प्रेमापोटी एरंडेलाची वाटी घेऊन बुटांजवळ पोचली होती, पण केरबानं ती वाटेतच पकडली आणि तेल बायकोच्या गुडघ्याला लावून दिलं. धोंडुबाईनं ते दिवसभर शेजारणींना सांगितलं.

आणि भट्टीचा दिवस उजाडला. केरबाची बडबड सकाळपासून चालू होती. पँट बुटाच्या बाहेर सोड, आत खोचू नको. चष्मा. हातमोजे. लॅडलच्या वाटेत उभं राहू नको. क्रांतीनं सगळं ऐकलं आणि भट्टीच्या पायऱ्या चढली. केरबा सवयीनं मागोमाग निघाला, पण भट्टीची हद्द दाखवणाऱ्या जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याशी थांबला. आज वर जागा तिची होती. त्यानं दोन्ही मुठी खिशात घातल्या आणि तिथंच उभा राहिला.

भट्टी गुरगुरत होती. रसावरची मळीची साय क्रांतीनं काढून घेतली, तापमान बघितलं, एकदा नाही म्हणून मान हलवली. सगळे थांबले. तिनं पुन्हा बघितलं आणि मग हात वर केला. भट्टी कलली, केशरी धार लॅडलमध्ये पडू लागली आणि ठिणग्यांचा पाऊस उडाला. त्यातल्या काही तिच्या बुटांवर पडल्या आणि घरंगळून विझल्या. तिनं खाली बघितलंही नाही. तिची नजर धारेवर होती. बुटांकडं बघणारा एकच माणूस होता, पिवळ्या पट्ट्यामागं, आणि त्याचा श्वास धार थांबली तेव्हा सुटला.

लॅडल पुढं गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चष्मा कपाळावर सरकवून क्रांती खाली आली. चेहरा घामानं डबडबलेला, हसू कानापर्यंत. आता आबा काय चुकलं ते सांगतील म्हणून ती समोर उभी राहिली. आजवर बाहेर चहा प्यायला गेलं, की पैसे केरबाच द्यायचा. लेकीनं पाकिटाला हात लावला तरी त्याला ते अपमानाचं वाटायचं.

केरबानं डोळे बाहीला पुसले. मग सगळ्या फौंड्रीदेखत तिच्या खांद्यावर थाप मारली.

"चल भावा," तो म्हणाला, "च्या पाज."