सुटू न दिलेले बोल्ट

वसंत आणि चंद्रभान यांची मोटार कुठल्याच कंपनीची नव्हती. सांगाडा एका अमेरिकन गाडीचा, इंजिन मुंबईहून खोक्यात सुटं आलेलं, गिअरबॉक्स आणि मागचा आस धामणगावच्या कापसाच्या जिनातल्या मोडीत निघालेल्या लॉरीचा, आणि वरची लाकडी पेटी अंजनगावच्या सुताराने बांधलेली. राजापेठेत वसंताच्या घरामागे रिकामा गोठा होता. त्यात दोघांनी खपून खपून ती उभी केली.

वसंत हा बापूसाहेब वकिलांचा मुलगा. नागपूरला इंजिनियरिंग शिकायला गेला आणि अर्ध्यावरून परत आला. आता तो अमरावतीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. बापूसाहेब त्याला या गोष्टीवरून कधी बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच त्याच्या जिव्हारी लागलेलं होतं. चंद्रभान त्याचा शाळेतला दोस्त. अंजनगाव सुर्जीजवळ त्याची काळी कसदार जमीन. मोटार पहिल्यांदा आपल्या बळावर गोठ्याबाहेर आली तेव्हा चंद्रभानने वसंताला उचलून घेतलं होतं. बापूसाहेब ओसरीवर येऊन उभे राहिले, चष्मा पुसून त्यांनी मोटार पाहिली आणि म्हणाले, "चालते की." वसंताला तेवढं पुष्कळ होतं.

अंजनगाव-दर्यापूरकडे तेव्हा मोटार म्हणजे डेप्युटी कमिशनर साहेबांची दौऱ्यावर यायची तेवढीच. चंद्रभानची मोटार गावात शिरली की बायका दारात यायच्या. पण तिला एक खोड होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारी जी लांब दांडी खालून जाते, ती पुढच्या टोकाला बोल्टांनी जखडलेली होती, आणि ते बोल्ट सारखे ढिले व्हायचे. दहा-बारा कोस गाडी गेली की खालून खडखड सुरू व्हायची. मग थांबायचं, खाली सरकायचं आणि पान्याने नट आवळायचे.

ती खडखड सगळ्यांच्या आधी ऐकू यायची ती चंद्रभानच्या बायकोला, वच्छलाला. मागच्या बाकावर, अगदी त्या दांडीच्या वर ती बसायची.

"भाऊजी, तुमची मोटर दात वाजवून राहिली," ती म्हणायची. "थांबवा. तिले थंडी वाजून राहिली."

वसंत खाली उतरायचा आणि हसत हसत पाना काढायचा. वरून हसला तरी आतून त्याला ते लागायचं. त्याने स्प्रिंगचे वायसर घालून पाहिले. एका नटावर दुसरा नट चढवून पाहिला. नटांना तार गुंडाळून पाहिली. खडखड काही दिवस लांबायची, जायची नाही.

नट ढिले का होतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. एका सुट्टीत त्याने इंजिनापासून मागच्या आसापर्यंत दोरी ताणून पाहिली होती. इंजिन आणि मागचा आस एका रेषेत नव्हते. बोटभर फरक होता. दोन वेगवेगळ्या गाड्यांचे ते तुकडे, आपण डोळ्याच्या अंदाजाने बसवलेले. दांडीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ते बोल्ट जरा वाकत होते, जरा सरळ होत होते. हे दुरुस्त करायचं तर इंजिन उतरवायला हवं, त्याच्या खालचे आधार कापून नव्याने करायला हवेत. म्हणजे मोटार पुन्हा गोठ्यात, पुन्हा महिनेच्या महिने. आणि बापूसाहेब पुन्हा ओसरीवर येऊन उभे राहणार.

दसरा तोंडावर आला होता. चंद्रभानला मोटार दसऱ्याला गावात हवी होती.

"काय कराचं थे कर लेका," तो म्हणाला, "पण ह्या बोल्टाचा एकदाचा बंदोबस्त कर. वच्छलाले दिवस आहेत. रस्त्यात कुठं थांबत बसू?"

वसंताने बंदोबस्त केला. प्रत्येक बोल्टाच्या टोकाला आरपार भोक पाडलं, खाचांचे नट आणले, खाचेतून आणि भोकातून दुपेडी पिन घालून तिची टोकं उलटी वळवली. आता नट फिरायचं म्हटलं तरी फिरू शकत नव्हता. मोटार अंजनगावला गेली, अकोल्याला जाऊन आली. खडखड अजिबात नाही.

"जिंकलास रे वसंता!" चंद्रभान म्हणाला. वसंतालाही तसंच वाटलं. रेषेतला तो बोटभर फरक त्याने मनातून काढून टाकला.

दिवाळी होऊन गेली, कापसाची वेचणी सुरू झाली. वच्छलाला सातवा लागला होता. एके दिवशी सकाळी तिच्या अंगावरून जायला लागलं. सुईण आली, बघून म्हणाली, माझ्या हातचं काम नाही, अकोल्याला बाईडॉक्टरकडे न्या. मूर्तिजापूरला जाणारी छोटी रेल्वे सुटून गेली होती. पण दारात मोटार उभी होती. चंद्रभानने मागच्या बाकावर गादी टाकली, वच्छलाला निजवलं, त्याची थोरली विधवा बहीण जमुना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि मोटार निघाली. दर्यापूर मागे पडलं. वच्छला शुद्धीवर होती, मधून मधून बोलत होती. पूर्णेचं पात्र ओलांडून मोटार चढ चढायला लागली आणि खालून एकदम धाडकन आवाज झाला. दांडीचं पुढचं टोक सुटून जमिनीत रुतलं. मोटार जागच्या जागी उसळली आणि थांबली.

चंद्रभान पाना घेऊन खाली शिरला आणि तसाच बाहेर आला. आवळायला काही उरलंच नव्हतं.

मागून जिनाकडे जाणारी कापसाची एक बैलबंडी येत होती. तिच्यावर, कापसावरच वच्छलाला निजवलं. बैल तरी किती धावणार! अकोला दिसायच्या आधीच जमुनाने बैल थांबवायला सांगितलं.

वसंताला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चंद्रभान ओसरीवर बसला होता. वसंत त्याच्याजवळ बसला.

तेरावं झाल्यावर वसंत एकटा पूर्णेकाठी गेला. मोटार तिथेच, चढावर एका अंगाला कलून उभी होती. पेटीच्या फळ्या कुणी तरी काढून नेल्या होत्या. तो पाठीवर खाली सरकला. वाटेत त्याला वाटत होतं, एखादी पिन गळली असेल. पिनांचं लोखंडच हलकं असेल. एवढं तरी निघावं, असं त्याला वाटत होतं.

पण सगळ्या पिना जागच्या जागी होत्या. त्याने वळवल्या होत्या तशाच वळलेल्या. नट आपल्या जागेवरून केसभरही फिरले नव्हते. तुटले होते ते बोल्ट, मधोमध. त्याने एक तुकडा काढून उन्हात धरला. तुटल्या जागी काठाकडचा बराच भाग काळपट, मळका होता, आणि मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढीही नसेल एवढीच जागा लखलखीत, ताजी होती. म्हणजे हे त्या दिवशी तुटलं नव्हतं. दसऱ्यापासून रोज थोडं थोडं चिरत आलं होतं. त्या दिवशी उरला होता तो शेवटचा धागा.

तो तसाच मोटारीखाली पडून राहिला. आधी नट ढिले व्हायचे, खडखड व्हायची, म्हणून कुणी तरी खाली उतरून बघायचं. बोल्टांना बोलायची तेवढी एक वाट होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने बंद केली होती. बाहेर ऊन तापलं होतं, तरी तो थंडीने कुडकुडत होता.

तिथून तो सरळ अंजनगावला गेला. बोल्टाचा तुकडा चंद्रभानच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. दोरी ताणून पाहिल्याचं सांगितलं, बोटभर फरकाचं सांगितलं, पिनांचं सांगितलं. चंद्रभान ऐकत होता. त्याने तुकडा हातात घेतला नाही.

"म्हंजे पिना घातल्या नसत्या," तो म्हणाला, "तं आवाज झाला असता?"

"झाला असता."

"पयलेच झाला असता? दसऱ्याच्या आसपास?"

"हो."

"मंग मी तुले बोलावलं असतं."

"हो," वसंत म्हणाला. "चंद्रभान, अरे..."

"मी अकोल्याच्या बाईडॉक्टरले इचारलं," चंद्रभान म्हणाला. "म्हटलं, टाइमावर आणलं असतं तं वाचली असती काय? थे म्हणे, सांगता येत नाही. नाही म्हटलं असतं तं बरं झालं असतं. नाही कोणीच म्हणत नाही."

तो उठला, जोडा घातला आणि मागच्या दाराने वावराकडे निघून गेला. वसंत बसून राहिला. जावं की थांबावं, त्याला कळेना. अंगणात वच्छलाचं एक लुगडं वाळत होतं. कुणी धुतलं आणि का धुतलं, कोण जाणे.

उन्हं कलली तेव्हा जमुना बाहेर आली. तिच्या हातात ताट होतं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कांदा. तिने पाट मांडला, तांब्या ठेवला.

"जमुनाबाई, मला नको," वसंत म्हणाला. "मी निघतोच."

"जेवा भाऊ," ती म्हणाली. तिचा आवाज कडू नव्हता, गोडही नव्हता. "चंद्रभान जाता जाता सांगून गेला. म्हणे, त्याले उपाशी पाठवू नको. अन् त्याले सांग, पुन्हा येऊ नको."

ती उंबऱ्याशी बसून राहिली, तो जेवतो की नाही ते बघत. वसंत पाटावर बसला. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. घास गिळवत नव्हता. तो थुंकताही येत नव्हता.